तुमच्या छपरीत, मंडईच्या दिवशी

सर, परवा गावच्या जत्रेला, मंडईच्या दिवशी, तुमच्या पोरीनं तुमच्याच घरापुढच्या छपरीत, तुमच्याच शब्दांत माझा पाणउतारा केला.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी दिघोरीत काही अवचित घडलं की कुणीतरी 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणतंच, आणि ते तुमचंच असतं. कापून ठेवलेल्या धानावर पाऊस आला, आउट ऑफ सिलॅबस. शाळेच्या माठात बेडूक निघाला, आउट ऑफ सिलॅबस. सातवीत मी इंग्रजीत पास झालो, तर तुम्ही माझा पेपर वर धरून तेच म्हणालात. सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरून तुमची पोरगी वळली आणि हसली, आणि मला वाटलं, माझ्यासाठी हसली. तिथून जे लागलं ते लागलंच. पुढे लाखनीच्या कॉलेजात एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला, मी त्याचं तोंड फोडलं आणि परत कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. तिनं कधी विचारलंही नाही, काहून सोडलं म्हणून.

यंदा तिचाच फोन आला. "मंडईले येजो बरं." आता मंडईत दंडारीचा नाच असतो, जिलेबी असते, पण आपल्याकडे अर्ध्या सोयरिकी त्याच दिवशी जमतात. पोरीच्या घरून बोलावणं आलं म्हणजे पोरगा पाहायला बोलावलं. मी तेच धरलं. इस्त्रीचा शर्ट, पेढ्यांचा डबा, आईच्या पाया पडून निघालो.

छपरीत खुर्चीवर एक जण आधीच बसलेला. नोकरीवाला, बाजूला त्याचे आईबाप. तुमच्या मोठ्या भावानं मला पाहून विचारलं, "हा कोन्या गावचा पाहुणा?" ती पाण्याचा ट्रे घेऊन उभी आहे. माझ्याकडे पाहते, डब्याकडे पाहते. "हा? हा आउट ऑफ सिलॅबस." अगदी तुमच्यासारखं, शेवट ओढून. काकू, तिची आई, इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावला. नोकरीवाला पण हसला, त्याला कळलं काहीच नव्हतं. तिनं माझे पेढे पहिले त्यालाच दिले.

फाटकापर्यंत ती मागे आली. "असा नवरदेवावानी काहून आला? मी तं साऱ्या बॅचले बोलावलं होतं."

"मंग बाकीचे कुठं आहेत?"

"दंडार पाहून राहिले. घरी तूच आला."

माझं डोकं सटकलं. म्हणालो, "बापावर गेली तू. तोही असाच होता, चारचौघात इज्जत काढणारा." तिला लागावं म्हणूनच म्हणालो. सर, ती खूश झाली. चेहरा उजळला तिचा. "खरंच? आई बी तेच म्हणते," म्हणाली, आणि आत गेली त्या नोकरीवाल्याला चहा द्यायला.

घरी येऊन तुम्हाला पत्रातून सुनावायला बसलो. काय सुनावू? मेलेल्या माणसाला काही लागत नाही. आणि खरं सांगायचं तर हे तुम्हाला लिहिलेलंच नाही. तुमच्या नावाचं पाकीट त्या घरात तीच फोडेल, म्हणून तुम्हाला पुढे केलं. पण फोडलं तर ती ते छपरीत बसून मोठ्यानं वाचेल, आणि तो खुर्चीवरचा, या वेळी अर्थ कळून, हसेल. म्हणून टपालात टाकत नाही.