वकिलातीच्या दारावरची घोंगडी

दिल्ली, ४ फेब्रुवारी १९९३

चि. ज्योतिबास थोरल्या दादाचे अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. मेंढरं कृष्णाकाठी उतरली का?

मी माळीकाम करतो ती वकिलात म्हणजे एका व्यापाऱ्याची जुनी हवेली. फाळणीत जमावानं तिचं दार कुऱ्हाडींनी फोडून मालकाला उंबऱ्यातच कापलं. पुढं हे परदेशी लोक आले, दार रंगवलं, पण रंगाखाली ते घाव अजून हाताला लागतात.

परवा तसाच जमाव आला गड्या, साहेबाच्या देशावर कशावरनं तरी चिडलेला. दगडांनी पहारेकऱ्याचं डोकं फुटलं. दारावर पेटते बोळे पडले. आत वकिलातीच्या मोठ्या साहेबाची लेकरं किंचाळत होती. साहेब ओरडला, "माली, अंदर आओ!" पण धनगराला वणवा विझवायला शिकवावं लागतं व्हय? घोंगडी हौदात बुचकळली नि दारावर दाबून धरली. विझेस्तोवर सोडली न्हाई. लेकरं वाचली. माझ्या हाताला थोडे फोड आलेत, म्हणून अक्षर वाकडं.

घोंगडी मात्र जळाली. तुझ्या वहिनीनं स्वतः लोकर कातून दिलेली. तिला सांग, चोरीला गेली. लय शिव्या घालील, घालू दे. शिव्या खायला दादा जिता हाय, हे काय थोडं झालं?

तुझा दादा,
मल्हार