विळ्याची धार आतून

९ ऑगस्ट २००२, शुक्रवार

मेले! पुलावरच्या त्या राक्षसाने पुन्हा मारलं.

आम्हाला इथे आखातात ठेवून सत्यजित इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, त्याला तीन आठवडे झाले. खोली झाडताना त्याचा कॉम्प्युटर सुरू केला, एवढंच निमित्त! आता गॅसवरची भाजी करपली तरी खुर्चीतून उठवत नाही. जाताना बजावून गेला होता, "आई, डोन्ट टच द गेम. यू वोन्ट गेट इट." मला कळणार नाही म्हणे! लग्नाआधी कोल्हापूरला शाळेत इतिहास शिकवलाय मी. तुझ्यासारखे पन्नास एकेका वर्गात होते, बाळा.

उद्या त्या राक्षसाला बघतेच.

११ ऑगस्ट

पाडला!!

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सहाही जादूची शस्त्रं माझ्याकडे आली. हे म्हणाले, "कुमुद, जेवायचं काय?" म्हटलं, राज्य जिंकलंय, आज बाहेरून मागवा.

एक विचित्र गोष्ट मात्र आहे. गेममध्ये पिकं पिवळी होतात त्या महिन्यात एक दिवस असा येतो की एकही शस्त्र चालत नाही. कुऱ्हाड हाणली तरी शत्रूच्या अंगावरची माशी हलत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं ठणठणीत.

इंटरनेटवर या गेमवाल्यांची एक चावडी आहे. तिथे ह्याच गोष्टीवर रणकंदन चाललंय — ही शस्त्रं घडवली कोणी? गेममध्ये कुठेच सांगितलेलं नाही. सगळ्यात जास्त मान 'स्टारस्मिथ'च्या मताला. तो म्हणतो, आकाशातून एक तारा पडला, त्याच्या लोखंडाची ही शस्त्रं. वर्षातून एकदा आकाशात त्या ताऱ्याची जागा मावळते, म्हणून ती झोपतात. पोरं नुसती वाहवा करतायत. स्टारस्मिथ म्हणजे आमचा सत्यजित! इथे असताना त्यानेच दाखवलं होतं. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

पण मत चुकीचं आहे. कुठे चुकलंय ते सापडत नाहीये, पण चुकलंय.

१ सप्टेंबर

सापडलं! कढई घासताना सापडलं!

गेममधल्या ढालीला आत हात घालायला पट्टा नाही. कडेला दोन कान आहेत. कढईला असतात तसे! आणि बूड काळं. हात तसेच ओले, धावत गेले कॉम्प्युटरपाशी. एकेक शस्त्र फिरवून फिरवून पाहिलं. ती वाकडी तलवार — तिची धार आतल्या बाजूला आहे. आतून धार असते ती विळ्याला. विळ्याने गवत कापतात, मुंडकी नाही. भाल्याचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. ही तर पहार! कसला तारा आणि कसलं काय. ही गावातल्या माणसांची कामाची हत्यारं आहेत. गेममध्ये राजाने जाळलेलं ते गाव आहे ना, त्यांचीच.

चावडीवर लिहिलं, अर्थात इंग्रजीत. नाव मागितलं. हातात सांडशी होती, तेच नाव दिलं. सत्यजितला पत्ता लागायचा नाही. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलंय त्याने, सांडशी ओळखायला!

लिहिण्यात तासभर गेला, तेवढा वेळ फोनची लाइन इंटरनेटला. हे वर्कशॉपमधून फोन लावून लावून दमले. "कोणाशी बोलत होतीस एवढी?" म्हटलं, जगाशी.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सत्यजितचा फोन. मेसचं जेवण, खोकला, प्रॅक्टिकल, आणि मग आपणहून — "फोरमवर एक नवीन माणूस आलाय. सांडशी. जपानीज असेल. हिज थिअरी इज क्रेझी."

"क्रेझी म्हणजे चांगली की वाईट?"

"जस्ट क्रेझी, आई."

जपानी! फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. पण गंमत पुरे. मला त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय की तुझं बरोबर आहे. एकदाच. लहानपणी प्रत्येक गोष्ट मला विचारायचा. आता मी काही विचारलं की "लीव्ह इट, आई."

१३ सप्टेंबर

स्टारस्मिथने गाठलंच. "ठीक आहे, हत्यारं होती. मग विळ्यात जादू आली कुठून? आणि तो एक दिवस ती का चालत नाहीत?"

प्रश्न चोख आहे. माझाच मुलगा. उत्तर शोधायला हवं.

२१ सप्टेंबर

आज दुपारी ह्यांचा डबा द्यायला वर्कशॉपमध्ये गेले. ॲल्युमिनियमचा भुगा, कटरची किंकाळी, कान बधिर. फोरमन नूरुद्दीनने मशीन बंद केलं, पुसलं आणि विचारलं, "भाभी, इस साल मशीन की छुट्टी कब है?"

खंडेनवमी! दरवर्षी त्या दिवशी हे सगळी मशिनं थांबवतात. कटर, ड्रिल, पाने, हातोड्या — धुऊन पुसून हळद-कुंकू, रोल्याच्या बाजारातून आणलेला झेंडू. कितीही अर्जंट ऑर्डर असो, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक ओरडतं, हे म्हणतात, "खलास, हबीबी, उद्या."

मी तिथेच ओरडले, "नूरुद्दीनभाई, मिल गया!" तो बिचारा पाना शोधत होता, त्याला वाटलं तो मिळाला.

घरी येऊन एका बैठकीत लिहून काढलं. जादू कोणी घातलेली नाही. त्या गावातली माणसं वर्षातून एक दिवस हत्यारं खाली ठेवायची, त्यांना नमस्कार करायची. पिढ्यान्‌पिढ्या. तीच जादू साठली. माणसं मेली, पण विळा-पहारीने आपला सुट्टीचा दिवस सोडला नाही.

वाचून माझं मलाच रडू आलं. फार सुरेख लिहिलंय मी!

२३ सप्टेंबर

चावडीवर सांडशी, सांडशी, सांडशी! ब्राझीलचा एक मुलगा लिहितो, त्याने आजोबांचं फावडं धुऊन ठेवलं. स्टारस्मिथ गप्प.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कोणीतरी थेट गेमच्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं — तारीख मोजण्यात प्रोग्रॅमची चूक आहे. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती देतोय, ती टाकली की शस्त्रं वर्षभर चालतील.

चूक! एवढंच!

सगळे हसतायत. "सांडशीची देवपूजा म्हणजे प्रोग्रॅमरची डुलकी." ज्यांनी परवा डोक्यावर घेतलं तेच. स्टारस्मिथही मनात म्हणतच असेल, यू वोन्ट गेट इट.

हे म्हणाले, "अगं, त्यांनी चुकून बरोबर केलं असेल."

१० ऑक्टोबर

कॉम्प्युटरवर कापड टाकलं. घटाला माळ चढवली.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी वर्कशॉपमध्ये पूजा झाली. नूरुद्दीनने कटर असा लखलखवला होता की तोंड दिसेल. घरी आल्यावर सत्यजितच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, हळद-कुंकू वाहिलं, एक फूल ठेवलं. सुरू केला नाही. चूक तर चूक, त्यालाही सुट्टी.

आत्ता सत्यजितचा फोन येऊन गेला.

"आई, हॉस्टेलवरच्या नव्या कॉम्प्युटरची पूजा केली. कुंकू मेसच्या मावशींकडून आणलं. रूममेट हसत होता. आज बंद ठेवलाय."

म्हटलं, "आणि गेमची ती दुरुस्ती?"

"नाही टाकली. टाकणारही नाही. फोरमवर तसं लिहिलंय, स्टारस्मिथच्या नावाने. कंपनीला काय कळतंय? तुझं बरोबर आहे."

माझं? माझं म्हणजे कोणाचं?

तो म्हणाला, "ठेवतो हं, सांडशी."