खोली फितूर झाली

१२ मार्च, दुपार
हॉटेलात पोचलो. स्मार्ट रूम! किल्ली नाही, बटणं नाहीत. दिवे, पडदे, एसी सगळं तोंडी हुकमावर. बायको म्हणाली, तुम्हाला जमेल का? हसलो. घरातला राउटर कोण रीस्टार्ट करतं?
लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दोघंच आलोय. तिने बजावलंय, ऑफिसच्या कामाला हात लावलात तर पुन्हा तुमच्याबरोबर कुठे येणार नाही. शब्द दिला. लॅपटॉप आणलेलाच नाही. टॅब आणलाय. टॅब म्हणजे लॅपटॉप नव्हे.

संध्याकाळ
दिवा मंद कर म्हटलं. पडदे उघडले. मी टॉवेलवर. पूलवरच्या मंडळींनी हात हलवले. बायकोचं मात्र खोली पहिल्या हाकेला ऐकते. सवय होईल हळूहळू.

१३ मार्च
झाली सवय. बायको अंघोळीला गेल्यावर खोलीला हळूच सांगून ठेवलं: रोज अकराला साहेबांचा कॉल, त्याआधी बायकोला पूलवर पाठवायची आठवण कर. उद्या पूलवरून लवकर आली तर माझं डोकं दुखणार आहे, हेही सांगितलं. कॉलवर नुसतं ऐकायचं असतं, ते काम नव्हे. आज बिनबोभाट पार पडलं. इतकं विश्वासू माणूस ऑफिसात एक नाही.

१४ मार्च
घात! बायकोचं अंग कसकसत होतं, पूलवर गेलीच नाही. अकराला छतातून गोड आवाज: "साहेबांचा कॉल. बायकोला पूलवर पाठवलंत का?"
गप्प बस म्हणालो. टीव्ही लागला.
बायकोने शांतपणे खोलीला विचारलं, अजून काय सांगून ठेवलंय यांनी? बयेने डोकेदुखीसकट सगळं ओकलं.
रिसेप्शनवर तक्रार केली. तिथल्या बाई म्हणाल्या, सर, सिस्टीम अगदी बरोबर चाललीय.

संध्याकाळ
पाय मोकळे करून आलो. एव्हाना राग निवळला असणार. दार उघडेना. फोनवर मेसेज: पाहुण्यांच्या विनंतीवरून आपला प्रवेश बंद. बुकिंग तिच्या नावावर आहे. दाराबाहेरून म्हणालो, अगं, ऐक तरी. आतून म्हणाली, नुसतं ऐकायचं काम तुमचं.
हॉटेलने खालच्या मजल्यावर साधी खोली दिली. उद्या समजूत काढतो. माझ्यावाचून तिला करमत नाही.

१५ मार्च, सकाळ
वर गेलो. दार आपोआप उघडलं. बिछाना नीट आवरलेला, तिची बॅग नाही. फोन उचलत नाही.
खोलीला विचारलं, बायको कुठे गेली?
म्हणाली, "ते तुम्हाला सांगायचं नाही, अशी सूचना आहे."
माझी चार वाक्यं हिच्या पोटात राहिली नाहीत. तिचं गुपित मात्र बरं राहिलं.