पडद्याआडची आंघोळ

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
गुरुवार

प्रिय शलाका,

हो, तुझ्या बाबांच्या डोक्यात बादली मीच घातली. सात टाके पडले असं तू मेसेजमध्ये लिहिलंयस. मला वाटलं होतं, जास्त पडतील. लोखंडी बादली आहे ती, चौतीस वर्षं बायकांना शेवटची आंघोळ घालायला वापरलेली, आणि मी ती दोन्ही हातांनी उचलून घातली. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, ते तुझे वडील आहेत म्हणूनसुद्धा नाही. पण 'म्हातारपणी तुम्ही दोघांनी दुसऱ्याचं घर फोडलंत' हे जे तू लिहिलंस, ते लागलं. फोनवर बोलले असते तर तू मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून पत्र लिहितेय. नाशिकला कुरिअर दोन दिवसांत पोचतं म्हणाले. सोमवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं.

सोमवारी तू कोर्टात बाबांना जामीन राहायला येणार आहेस, हे मला आपल्या गावच्या मंडळाच्या लोकांकडून कळलं. ते काल हॉस्पिटलात शहाळी घेऊन आले होते. काकांच्या हाताचं बँडेज बघून सगळे हळहळले आणि मग हळूच मुद्द्यावर आले, की तक्रार मागे घ्या, गावाचं नाव जातं. काकांनी शहाळं प्यायलं आणि पलीकडे तोंड करून झोपले. मला नाही तसं जमत. मी त्यांना पायऱ्यांपर्यंत बोलत बोलत सोडून आले.

आमचं काम तुला माहीत आहे, तू आमच्याच घरी शाळेचा डबा खाऊन वाढलीस. आपल्या गावची साठ-सत्तर घरं इथे बदलापूर-अंबरनाथला आहेत. कुणाकडे माणूस गेलं की पहिला फोन आमच्याकडे. काका कारखान्यातून रजा टाकून बांबू आणायचे, कोयत्याने कामट्या काढायचे, तिरडी बांधायचे. मी कॅम्प दोनच्या बाजारातल्या एका सिंधी दुकानातून कापड आणून ठेवलेलं असायचं. तो दुकानदार मला बघितलं की काही न विचारता पांढऱ्या कापडाचा तागा खाली काढायचा. बाई गेली असेल तर चार जणी साड्यांचा पडदा धरायच्या आणि आत मी एकटी. याचा एक रुपया आम्ही कधी घेतला नाही. बदल्यात लग्नात आम्हाला मागच्या रांगेत बसवायचे आणि दिवाळीत आमच्याकडचा लाडू लोक 'घरी नेऊन खाऊ' म्हणून रुमालात बांधायचे. मला त्याचं हसूच यायचं.

आमचा एक नियम होता. पडद्याआड जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही. कुणाच्या पाठीत जखमा असतात, कुणाच्या पोटावर ऑपरेशनच्या खुणा, कुणी मरताना घाण केलेली असते. माणूस गेल्यावर तरी त्याची अब्रू झाकावी, एवढाच त्यातला विचार. या नियमामुळेच लोक विश्वासाने आपली बाई माझ्या हाती द्यायचे. मला या नियमाचा फार अभिमान होता, शलाका. तो अभिमानच नडला.

आता मंगळवारचं सांगते. सकाळी साडेदहाला हर्षदा आली. तुझ्या बाबांनी चार वर्षांपूर्वी वांगणीकडच्या वाडीतली ही मुलगी दुसरी बायको करून आणली, तेव्हा तू लग्नाला आली नव्हतीस. तू तिला नीट पाहिलेलंसुद्धा नाहीस. तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. पालेगावच्या त्या नव्या बिल्डिंगमधून ती घरातल्या चपलांवरच निघाली होती. पाणी दिलं तर तिला गिळता येईना. मी विचारलं, काय झालं. तिने डोक्यावरून, गळ्याभोवती घट्ट घेतलेला पदर सोडला आणि म्हणाली, "काकू, माझी आंघोळ तुम्हीच घालनार ना? मग आत्ताच बघून घ्या."

गळ्यावर बोटं उमटली होती. चार उजवीकडे, अंगठा डावीकडे. कानामागे रक्त सुकलेलं, डोळ्याचा पांढरा भाग लालभडक. मी बघतच राहिले, कारण तो हात माझ्या ओळखीचा होता. तुझे बाबा डावखुरे. मंडळाच्या पंगतीत डाव्या हाताने वाढतात म्हणून सगळे त्यांची थट्टा करायचे, आठवतं ना? काकांनी माझ्याकडे पाहिलं. हर्षदाला आतल्या खोलीत बसवून त्यांनी बाहेरून कडी घातली.

अर्ध्या तासात तुझा बाप, महेश, आला. यापुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही, तुला चालवून घ्यावं लागेल. त्या दिवशी गावातला एक म्हातारा गेला होता, म्हणून काका ओट्यावर कामट्या काढत बसले होते. महेश म्हणाला, "काका, बाजूला व्हा. माझ्या घरातली गोष्ट आहे." काका दारात उभे राहिले. तेवढंच केलं त्यांनी. शिवी नाही, धक्का नाही. महेशने ओट्यावरचा कोयता उचलला. काकांनी उजवा हात वर धरला आणि कोयता त्या हातावर उतरला. दोन बोटं जागच्या जागी गेली, तिसरं कातड्यावर लोंबत होतं, ते डॉक्टरांनी काढलं. भिंतीवर छतापर्यंत रक्त उडालं. त्याने पुन्हा हात उचलला तेव्हा मी बादली घातली. तो खाली पडल्यावर आणखी एकदा घातली, हेही तुला माहीत असू दे. शेजारच्यांनी मला मागे ओढलं. नाहीतर सोमवारी तुला जामीन राहायची वेळच आली नसती.

पासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. आता पश्चात्ताप होतो तो बादली घातल्याचा नाही, चौदा वर्षं उशीर झाल्याचा. काका मला काल म्हणाले, "वृंदा, बोटं गेली ते बरं झालं. त्या दिवशी राजसीच्या तिरडीच्या गाठी मीच आवळल्या होत्या."

राजसी, तुझी आई, बाथरूममध्ये घसरून पडली आणि हार्ट बंद पडलं, असंच तू आजवर सगळ्यांना सांगत आलीस. डॉक्टरने तसं लिहून दिलं, तीन तासांत सगळं उरकलं. पण पडद्याआड मी तिच्या केसांवर पाणी ओतलं, मान वळवली आणि मला ती बोटं दिसली. चार उजवीकडे, अंगठा डावीकडे. एकतीस वर्षांची बाई, शलाका. नखं तुटलेली होती, म्हणजे तिने झटापट केली होती. मी पडदा धरणाऱ्या बायकांना काही कळू दिलं नाही. स्मशानातून आल्यावर काकांना सांगितलं. ते रात्रभर जागे होते आणि पहाटे म्हणाले, आपण नियम मोडला तर उद्या कोण आपल्या हाती माणूस देईल? मी मान डोलावली. मंडळाने पुढच्याच वर्षी आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल महेशनेच पांघरली माझ्या अंगावर. मी ती घेतली.

काल पोलिसांना राजसीचंही सांगितलं. साहेब चांगले होते, पण म्हणाले, काकू, राख झाली, पुरावा काय? पुरावा नाही. माझे डोळे आहेत फक्त, आणि ते चौदा वर्षं गप्प बसले. हर्षदा अजून माझ्याकडेच आहे. महेश सुटला तर तो आधी कुठे येईल हे मला सांगायला नको. काकांच्या हातात आता कोयता तर सोड, काठीही धरवत नाही.

आणि आता ते, जे सांगायला एवढी पानं लिहिली. 'त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, फक्त आई पिवळीधमक, सुंदर दिसत होती,' असं तू नेहमी म्हणतेस. तू दहा वर्षांची होतीस. पडद्याखालून वाकून आत आलीस आणि मला विचारलंस, "काकू, आईच्या गळ्याला काय झालंय?" मी तुला म्हटलं, मंगळसूत्र रुतलंय बाळा. मग सवाष्णीला लावायची हळदीची वाटी तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, तूच लाव आईच्या गळ्याला, जाड लाव, म्हणजे छान दिसेल. तू लावलीस. मी सांगत होते तिथे तिथे लावलीस, एकही वळ दिसेनासा होईपर्यंत. बाहेर बायका म्हणाल्या, काय तेज आलंय बाईला. तू विचारलं होतंस ते बरोबर होतं, शलाका. खोटं मी बोलले. माझ्यावर हवं तेवढं रागाव, हवं तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. पण सोमवारी त्याच हाताने जामिनाच्या कागदावर सही करू नकोस.

तुझीच, तू ठेवशील तेवढीच तुझी,
वृंदाकाकू