‘त्वचांतर’ आणि मानेवरचं गळू

२ फेब्रुवारी
फिल्म क्लबच्या सेक्रेटरीणबाईंचा फोन. बाई विमा कंपनीत नोकरीला. सिनेमाचा उद्धार सुट्टीच्या दिवशी करतात. माझा ‘त्वचांतर’ महिनाअखेरीला दाखवायचा म्हणतात, आणि नंतर मी ‘शरीरभयपट आणि त्याचा वारसा’ यावर बोलायचं. पंचवीस वर्षं लागली यांना जागं व्हायला. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही, म्हणून डायरी बघून कळवतो म्हणालो. डायरी नव्हती. दुपारी ही आणली. संध्याकाळी हो कळवलं.

४ फेब्रुवारी
संकल्प : रोज सकाळी चालणे. गोड बंद. भाषण कागद न बघता.
मानेवर मागे पुळी आली आहे. कॉलर घासली असणार.

५ फेब्रुवारी
चाललो नाही. चालताना विचार तुटतो.
भाषणात आधी गोष्ट सांगावी लागणार. हल्लीच्या लोकांना काही माहीत नसतं. एक शास्त्रज्ञ जखम भरून आणणारं मलम शोधतो आणि स्वतःच्या कापलेल्या बोटाला लावतो. जखम भरते, पण भरायची थांबत नाही. बोटं एकमेकांना जुळतात, कान बुजतात, शेवटी ओठांवर कातडी धरते आणि त्याला बायकोला ‘पळ’सुद्धा म्हणता येत नाही. सगळं गोंद, मैद्याची खळ आणि फुगे वापरून केलेलं. आज हेच कॉम्प्युटरवर करतात आणि स्वतःला दिग्दर्शक म्हणवतात.
समीक्षकांनी तेव्हा ‘किळसवाणा’ लिहिलं होतं. मी ती दाद समजतो. दुसऱ्या आठवड्यात प्रेक्षक आले नाहीत असं लोक म्हणतात. दुसरा आठवडा नव्हताच, तर येतील कुठून?

९ फेब्रुवारी
आमच्या हीरोला फोन केला. टाइल्सच्या दुकानात बसतो आता. त्याला म्हटलं ये, स्टेजवर बसवतो. म्हणाला, त्या गोंदाने माझी डाव्या बाजूची मिशी गेली ती पुन्हा नीट उगवलीच नाही, तुझं तोंड बघायची इच्छा नाही. म्हणजे सिनेमाचा ठसा अजून आहे. हे भाषणात घालावं, नाव न घेता. नाहीतरी नाव कोणाला आठवणार?
पुळीचा गोळा झाला आहे. शेक घेतला.

१२ फेब्रुवारी
मेहुणा आला होता. धंद्याने दाताचा डॉक्टर; माणसाच्या तोंडात बोटं घालून बंगला बांधला. मान बघितली आणि हे गळू आहे, आजच्या आज सर्जनला दाखवा, शुगर तपासा, असं सुरू झालं. दातवाल्याने दातापुरतं बघावं. बायकोला फूस त्याचीच. शुगर शेवटची कधी तपासली म्हणून ती विचारत बसली. मी म्हटलं, कार्यक्रम झाला की बघू. तिने भांडी जोरात घासली.
चहासोबत चार बिस्किटं खाल्ली. बिस्किटं म्हणजे गोड नव्हे.

१५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. आईने चुगली केलेली दिसते. बाबा, डॉक्टरकडे जा ना. मी तिला विचारलं, तुझ्या मैत्रिणींना ‘त्वचांतर’ माहीत आहे का? म्हणाली, बाबा, मानेबद्दल बोला. नव्या पिढीला विषयाला धरून बोलता येत नाही.

१९ फेब्रुवारी
उशीवर डोकं टेकवत नाही, म्हणून खुर्चीत झोपतो. विचारवंत असेच झोपत असणार.
कॉलर बसेना म्हणून पांढरा, गळाबंद स्वेटर विकत घेतला. दिग्दर्शकाला शोभतो. बायको म्हणाली, पांढरा घेऊ नका. तिला कपड्यातलं काय कळतं?

२३ फेब्रुवारी
अंग गरम आहे. भाषण डोक्यात तापतंय. ड्रॉवरमध्ये एक मलम सापडलं. तारीख उलटून गेली आहे, पण औषध कंपन्या तारखा माल खपवायला टाकतात. लावलं. आग होते, म्हणजे काम करतंय.
बायको सर्जनची वेळ घेऊन आली होती. उद्याची. उद्या तालीम आहे, जमणार नाही सांगितलं. तिने विचारलं, कोणाबरोबर तालीम? आरशाबरोबर, म्हटलं.

२८ फेब्रुवारी, दुपारी चार
निघतो. आजचा दिवस इतिहासात. मान वळत नाही, पण मला समोर बघायचं आहे.

३ मार्च
डावा हात सलाईनमध्ये. उजव्याने लिहितोय. जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो, नाहीतर मेहुणा त्याच्या पद्धतीने सांगत सुटेल.
हॉल वाचनालयाच्या वरचा. खुर्च्या पुष्कळ, माणसं बेताची. बॅनरवर ‘त्वचांतर’ऐवजी ‘अवांतर’ छापलं होतं. बाई म्हणाल्या, प्रेसवाल्याची चूक. मी पहिल्या रांगेत, बायको माझ्या मागे.
ओठांच्या सीनला लोक हसले. भीतीने हसतात माणसं. फुगा फुटतो तिथे कोणीतरी शिटी मारली. हा क्लबचा दर्जा.
मग मी स्टेजवर गेलो. गोष्ट सांगून झाली आणि मुद्द्यावर आलो. म्हटलं, या सिनेमाने मला एकच शिकवलं, शरीर आपलं ऐकत नाही. असं म्हणून पडद्याकडे हात करायला वळलो आणि मानेत काहीतरी सुटलं. पाठीवरून गरम ओघळ गेला. पाठ लोकांकडे होती. पांढरा स्वेटर खांद्यापासून पिवळा-लाल होत गेलेला त्यांना माझ्याआधी दिसला.
मग टाळ्या. अशा टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. लोक उभे राहिले, मोबाईल वर धरले. मी वळलो आणि वाकून नमस्कार केला. वाकल्यावर आणखी आलं. टाळ्या वाढल्या. मग पाय गेले.
खाली पडल्यावर बायको स्टेजवर आलेली दिसली. तिने ओढणी माझ्या मानेवर दाबून धरली आणि लोकांना म्हणाली, “अहो, हे खरं आहे.”
त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.
रोजनिशीत खोटं कशाला लिहू? मला बरं वाटत होतं.

५ मार्च
सर्जनने मोठं कापलंय. खड्डा आहे म्हणे. मी बघितला नाही. शुगरचा आकडा बघून नर्सने परत तपासली. आणखी दोन दिवस घालवले असते तर विष रक्तात गेलं असतं, असं सर्जन मेहुण्याला म्हणाला. मेहुण्याने ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही. याचा राग जास्त येतो.

७ मार्च
सेक्रेटरीणबाईंचा फोन. व्हिडिओ खूप फिरतोय म्हणाल्या. दुसऱ्या शहरातल्या महोत्सवाचं बोलावणं आहे, सर याल का? मी म्हटलं, सिनेमाची चांगली प्रिंट लागेल. त्या म्हणाल्या, सिनेमा नसला तरी चालेल सर, फक्त शेवटचा भाग हवा. तुमचा मेकअप कोण करतं?
आमची टीम आहे, असं मी म्हणालो.
बायको गॉजचे तुकडे कापत होती. तिने कात्री ठेवली, माझ्या हातातून फोन घेतला आणि बाईंना शांतपणे सांगितलं, की ते गळू होतं, यांना डायबेटिस आहे आणि आता फोन करू नका. मग बाई काहीतरी पुटपुटल्या आणि बायकोने फोन बंद केला.
मग मी तिला विचारलं, ते सगळं जाऊ दे, पण सिनेमा कसा वाटला? पंचवीस वर्षांनी पाहिलास, मोठ्या पडद्यावर.
ती म्हणाली, “मी कुठे पाहिला? मी सगळा वेळ तुमच्या मानेकडे बघत होते.”