मागचं दार नसलेली गाडी

रविवार, संध्याकाळ

जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी, दोनच दारं, बसायला वाकावं लागतं. सगळे हसले. पण माझ्या पगारात बसली, आवडली, घेतली. आज आण्णांना पहिल्यांदा फिरवायला नेलं, तर ते मागचं दार शोधत राहिले. जन्मभर मालकाच्या जीपमध्ये मागेच बसलेले ना!

"मागं कुठून चढू गं?"

"मागं दारच न्हाई, आण्णा. पुढं बसा."

"मी पुढं कावून?"

आई सीट वाकवून आधीच मागं शिरली होती. म्हणाली, "बसा की आता! का टपावर चढता?"

बसले, पण अगदी अवघडून. उगाच आग्रह केला का मी? मांजरसुंब्याला ओळखीची माणसं दिसली. आण्णांनी स्वतःच काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मोठ्यानं म्हणाले, "जय भीम!"