बारा टक्के

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो की मी ठीक आहे. म्हणजे ताप नाही, कुठे पडलो नाही, दुकान जागेवर आहे. पण आज सकाळी अकरा वाजता मी दुकान बंद केलं, भर शनिवारी, बाकावर तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना. छत्तीस वर्षं या हाताने लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलाय, कधी कोणाला ओरखडा आला नाही, आणि आज साधी कात्री धरवेना. तेव्हापासून बंद दुकानातच बसलोय. चहा केला, तो गार झाला. परत केला, तोही तसाच पडलाय. काय झालं ते नीट क्रमाने सांगतो, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

सुरुवात त्या कॅशबॅकपासून करावी लागेल. हसू नकोस. ती साइट मला तूच दाखवलीस, सहा वर्षांपूर्वी, दुकानासाठी ब्लेडची खोकी मागवताना. थेट दुकानाच्या पानावर जायचं नाही, आधी या साइटवर जायचं, तिथून दुकानात शिरायचं, मग जे घेऊ त्यातले दोन-चार टक्के महिन्या-दोन महिन्यांनी आपल्याला परत. मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे, फुकट कोण कोणाला देतं. तू समजावलंस की गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल दुकानं या साइटला कमिशन देतात आणि ती त्यातला वाटा आपल्याला देते. पहिले पैसे जमा झाले त्या दिवशी मी शेजारच्या शिंप्याला मशीनवरून उठवून बाहेर बोलावलं आणि मोबाइल दाखवला. त्यानंतर मला वेडच लागलं. टॉवेल, पावडर, खुर्चीचं रेक्झिन, सगळं तिथूनच. दाढी करताना मी गिऱ्हाइकांना कॅशबॅकवर प्रवचन द्यायचो, आणि गळ्याला वस्तरा लागलेला असल्यामुळे कोणाला उठून जाता यायचं नाही.

तुझी खरेदीही माझ्याच खात्यातून व्हावी हा हट्टही माझाच. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय साइट पैसे काढू देत नाही, मग दोघांचे दोन ठिकाणी विखुरण्यापेक्षा एकात साठलेले बरे, असा माझा हिशोब. गेल्या वर्षी तुझ्याकडे राहायला आलो होतो, तेव्हा तू शाळेत चित्रकला शिकवायला गेलीस आणि मी मागे तुझ्या लॅपटॉपवर माझ्या मोबाइलवर आहे तसंच कॅशबॅकचं बटण बसवून दिलं. कुठल्याही दुकानाचं पान उघडलं की आपोआप समोर येतं आणि कॅशबॅक सुरू करा म्हणून मागे लागतं. सुरू करायचं बटण तळहाताएवढं आणि बंद करायची फुली मुंगीएवढी. तू वैतागलीस, पण काढलं नाहीस. तू काय घेतेस ते मला दिसत नाही हं. फक्त दुकानाचं नाव, तारीख आणि टक्के. तरी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मी ती यादी बघायचो. रंगांचं दुकान दिसलं की समजायचो, मुलांना नवीन काहीतरी शिकवतेय. पुस्तकं दिसली की समजायचो, पगार झाला. तू एवढ्या लांब राहतेस असं मला वाटायचंच नाही.

तीन महिन्यांपूर्वी यादीत एक नवीन नाव आलं. केसांचे टोप विकणारं दुकान, बारा टक्के. ठकू, बारा टक्के मी जन्मात पाहिले नव्हते. चपलांवर एकदा सहा मिळाले होते, तोच माझा उच्चांक. शाळेच्या नाटकासाठी टोप घेतला असणार, हे मी स्वतःच ठरवून मोकळा झालो. अख्खं आयुष्य केसांत घालवलेला माणूस मी, आणि मला दुसरं काही सुचू नये. लगेच तुला मेसेज केला. तो आज परत वाचला आणि मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. 'वा, बारा टक्के. आणखी घ्यायचे असतील तर महिनाअखेरीपर्यंत घे, नंतर चारवर येणार.' आणि खाली दोन हसरे चेहरे. तू नुसता अंगठा पाठवलास. मी विचारलं, नाटक कुठलं. तू लिहिलंस, आहे असंच काहीतरी.

पण ते बारा टक्के काही जमा होईनात. महिनाभर पडताळणी बाकी, पडताळणी बाकी, आणि मग एके दिवशी रद्द. माझी अशी सटकली. वस्तू परत केलीस का, असं तुला विचारलं, तू नाही म्हणालीस. बिलाचा फोटो मागितला, सापडत नाही म्हणालीस. पुन्हा मागितला तर म्हणालीस, जाऊ द्या ना बाबा, असे किती पैसे ते. मला वाटलं, पोरगी आळशी आहे, बापालाच लढावं लागणार. मी तक्रार ठोकली. मी कसा लिहितो ते तुला माहीत आहे, कष्टाचे पैसे, हक्काचे पैसे, ग्राहकाचा विश्वासघात. ठरावीक साच्यातलं उत्तर आलं. मी दुसरी तक्रार केली. त्यावर उत्तर आलं नाही, तर तिसरी केली आणि दुकानाकडे रीतसर चौकशी करा अशी मागणी केली. तू तिकडून जाऊ द्या म्हणत होतीस आणि मी इकडून उकरत बसलो होतो.

आज सकाळी उत्तर आलं. खुर्चीत आपला घड्याळवाला होता, त्याची डावी बाजू कापून झाली होती. या लढाईची खडान्खडा माहिती त्याला पहिल्यापासून होती, म्हणून मी मेल उघडली आणि त्याला ऐकवायला मोठ्याने वाचू लागलो. आम्ही दुकानाकडे चौकशी केली, असं लिहिलं होतं. आपल्या खरेदीतला टोप डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेला आहे, उपचारांमुळे केस गेलेल्या रुग्णांसाठीचा, आणि वैद्यकीय वस्तूंवर कॅशबॅक लागू होत नाही. खाली शेवटची ओळ होती, आपण लवकर बरे व्हावे ही सदिच्छा. खातं माझ्या नावावर, त्यामुळे त्यांना वाटलं रुग्ण मीच. मी 'उपचारांमुळे'पर्यंत मोठ्याने वाचलं. बाकीचं मनात वाचलं, तीनदा वाचलं. घड्याळवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याने स्वतःच्या हाताने गळ्याचं कापड सोडलं, बाकावरच्यांना उठवून बाहेर नेलं आणि जाताना शटर अर्धं खाली ओढलं. एकीकडे बारीक कापलेले आणि दुसरीकडे कानावर आलेले केस घेऊन तो माणूस भर रस्त्यातून घरी गेला. उद्या त्याच्या घरी जाऊन उरलेले कापून यायला हवेत.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. तुझ्या मोबाइलचा कॅमेरा बिघडला म्हणून तीन महिने आपण नुसते आवाजावर बोलतोय. नवीन मोबाइल घे म्हणून मी तुला कुठल्या दुकानात किती टक्के याची यादी पाठवली होती. दर तीन आठवड्यांनी बुधवारी तुझी शाळेत मीटिंग, फोन लागायचा नाही, आणि गुरुवारी तुझा आवाज खोल गेलेला. दमलीस का विचारलं की म्हणायचीस, पेपर तपासत होते. चित्रकलेचे कसले आलेत ग पेपर? आणि मला तेही खटकलं नाही. मी आपला रोज फोन करून ते बारा टक्के कुठे अडकले त्याची रडगाणी तुला ऐकवत होतो, आणि तू हसत होतीस. ते हसू कुठून आणायचीस ते मला एकदा सांग. तुझा रागही आलाय, खोटं कशाला बोलू. तुझ्या समोरच्या घरात राहणाऱ्या नर्सबाईंना माहीत असणार, शाळेत माहीत असणार, टोपवाल्याला माहीत, कॅशबॅकवाल्यांना माहीत. बापाला सगळ्यात शेवटी कळलं, तेही तक्रार क्रमांकासकट.

राग जरा उतरला तेव्हा तू का लपवलंस ते कळलं. तू अकरा वर्षांची होतीस. आईचे केस उशीवर यायला लागले, तेव्हा तीच मला म्हणाली की आता एकदाचे सगळे काढून टाका. मी शटर ओढलं, तिला खुर्चीत बसवलं आणि मशीन फिरवलं. तू आतल्या पडद्यामागे उभी होतीस. मला आरशात तुझे पाय दिसत होते, पण तुला आत जा म्हणायचं धैर्य झालं नाही. चार महिन्यांनी ती गेली आणि मी त्या आरशावर चादर टाकली. सहा महिने दुकान उघडलं नाही, अंघोळ कर म्हणून तू मागे लागायचीस तेव्हा उठायचो. अकरा वर्षांची पोर शाळेतून येऊन ताट वाढायची आणि बाबा दोन घास तरी खा म्हणत समोर बसून राहायची. तो बाप तुला परत बघायचा नव्हता. मला कळलं असतं तर तुला स्वतःचं दुखणं बाजूला ठेवून मला सांभाळावं लागलं असतं, असंच तुला वाटलं ना? तुझं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मला लाज वाटते, ठकू. पण आज मी आरशावर चादर टाकलेली नाही, हे मुद्दाम लिहितोय. त्याच्यासमोर बसूनच हे पत्र लिहितोय आणि अधूनमधून स्वतःच्या तोंडाकडे बघतोय.

फोन करत नाही, कारण फोनवर तू म्हणशील की काही नाही हो बाबा, साधंच आहे, आणि ते खरं असावं अशी मला इतकी इच्छा आहे की मी मान्यही करून टाकीन. हे पत्र जलद टपालाने टाकतोय, मंगळवारी तुला मिळेल. बुधवारी सकाळी नऊच्या आत मी पोचतो. मी मोजून बघितलं, येत्या बुधवारी परत तीन आठवडे होतात, तेव्हा तुझ्या त्या मीटिंगला या वेळी मी बरोबर येणार. तिकीट जायचंच काढलंय, परतीचं नाही. काढताना ते बटण समोर आलं, आठ टक्के म्हणत होतं, आणि मला ती मुंगीएवढी फुली पहिल्या फटक्यात सापडली. पिशवीत कात्री आणि कंगवा घेतलाय. टोप खोक्यातून निघाला तसाच घालायचा नसतो, कपाळावर आणि कानामागे माणसाच्या चेहऱ्याप्रमाणे कापावा लागतो, आणि तुझा कोणी कापून दिला नसणार. मी असा बसवून देईन की वर्गातल्या मुलांना ओळखू येणार नाही. पण बुधवारी दार उघडशील तेव्हा तो घालू नकोस. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या डोक्यावर एक केस नव्हता, वर्षभर आला नाही, आणि न्हाव्याच्या घरात टकली पोर म्हणून सगळा रस्ता मला चिडवायचा. मी तुला खांद्यावर बसवून रोज त्याच रस्त्याने फिरवायचो.

तुझाच,
बाबा